फिफ्टी घेऊन मालवण ते वेंगुर्ला

शुक्रवार: कुडाळ, मालवण

ह्या खेपेला कॅमेऱ्यावर फिफ्टीच, म्हणजे ५० मिमीची लेन्सच, ठेवायची, हे ठाण्याला कोंकणकन्येत बसतानाच ठरलेलं होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूमवाली किट लेन्स बॅगेच्या तळाशी होती, पण ती अगदीच गत्यंतर नसेल तर काढायची. नवीन कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी हमखास सांगतं की आता पुढची लेन्स फिफ्टीच घे. सल्ला चांगलाच आहे. पण कुठे घेऊन जाण्यासाठी घ्यायची, हे सहसा कोणी सांगत नाही. मला ती कोकणासाठी हवी होती, आणि म्हणून तिची पारख कोकणातच करायची होती.

माझी फिफ्टी म्हणजे कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. ही २०१५ साली आली. वजन जेमतेम १६० ग्रॅम. आत ६ भिंगं, अपर्चरला, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राला, ७ पाती, कॅमेऱ्याला बसणारा माउंट धातूचा. तिच्या आधीची १९९० पासूनची आवृत्ती ५ पात्यांची होती, माउंटसुद्धा प्लास्टिकचा, आणि ४५ सेंटिमीटरच्या आतलं तिला दिसायचं नाही. नवी ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. किंमत दहा हजारांच्या आसपास. पहिली प्राइम (झूम नसलेली) लेन्स म्हणून ही रक्कम बहुतेकांच्या आवाक्यातली आहे, आणि माझ्या मते हिची खरी थोरवी तिथेच सुरू होते.

मात्र माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा आहे. त्यावर ५० मिमी लावली की फुल फ्रेमवर ८० मिमी दाखवेल तेवढंच दृश्य दिसतं. दुकानात हे कोणी बोलत नाही आणि घरी आल्यावर पहिला धक्का ह्याचाच बसतो.

मालवणात उतरलो ती घरगुती खानावळ आहे, वर दोन खोल्या. जुन्या घरांसारखं खाली माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर. काकू बिडाच्या तव्यावर घावणे घालत होत्या. उजेड फक्त मागच्या दारातून. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले तरी तवा, काकूंचे हात आणि पदराची कड एवढंच चौकटीत बसलं. चूल नाही, फडताळ नाही, वर टांगलेलं शिंकं नाही. खोली दाखवायची असेल तर ही लेन्स निरुपयोगी, हे सरळ मान्य करावं. पण जे बसलं ते पाहण्यासारखं होतं. पिठाचा पळा तव्यावर फिरला, पिठाला जाळी पडायला लागली, आणि त्या जाळीच्या प्रत्येक भोकाच्या काठावर दारातला उजेड थांबलेला दिसला. एफ/२.८ (हा आकडा जितका लहान तितकं अपर्चर जास्त उघडं), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ८००. किट लेन्सवर ५० मिमीला अपर्चर ५.६ च्या वर उघडत नाही. तिथे एक तर शटर १/३० वर आणावं लागलं असतं आणि हात हललेला आला असता, नाहीतर आयएसओ ३२०० वर न्यावा लागला असता.

"आधी खाऊन घे गो, फोटो मगे काढ," काकू म्हणाल्या. घावणे आणि नारळाचा रस समोर आल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शनिवार: चिवला आणि किल्ला

पहाटे चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, रापण लागली होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून आणायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, अशी ही सामाईक मासेमारी. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळ्यांपुढे रापणकरांचं कसं निभावणार, हा ह्या किनाऱ्यावरचा जुना आणि खरा प्रश्न आहे, आणि रापण ओढताना पाहिली की तो मनातून जात नाही.

ह्या कामाला फिफ्टी चोख. दोराच्या रांगेपासून चार-पाच मीटरवर उभं राहिलं की माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो, आणि कामाच्या मधे आपण येत नाही. दोन पावलं पुढे गेलं की कमरेला बांधलेला पट्टा, दोराला दिलेला पीळ, मुठीतून ठिबकणारं पाणी. झूम नसल्याने पायांनीच पुढेमागे व्हायचं. त्यात बरं हे की लोक आपल्याला पाहतात, बोलतात, नको म्हणायचं असेल तर नको म्हणतात. लांबून टेलिलेन्सने चोरून काढलेल्या फोटोत हे होत नाही. पाटी घेऊन बसलेल्या एका आजींनी स्वतःहून हाक मारली, "माका दाखव गो." पाटीत तारल्या आणि थोडे बांगडे होते. स्क्रीनवर स्वतःपेक्षा बांगड्यांकडेच त्यांनी जास्त निरखून पाहिलं.

बांगड्यांनीच लेन्सचा पहिला दोष उघडा केला. ओल्या मासळीच्या पाठीवर सकाळचं ऊन पडलं की चकाकीचे बारीक ठिपके उठतात. एफ/१.८ ला त्या ठिपक्यांच्या कडेला रंग चढतो, फोकसच्या अलीकडे जांभळट, पलीकडे हिरवट. उन्हातलं पांढरं काही, चांदीचं काही, पाण्याची तिरीप, सगळीकडे हेच. संगणकावर थोडा काढता येतो, पण जांभळा काढताना खऱ्या जांभळ्या नऊवारीचाही रंग उतरतो. एफ/२.८ ला तो बराच कमी होतो, एफ/४ ला शोधावा लागतो. म्हणून उन्हात मी एफ/४ च्या वर उघडतच नाही. स्वस्त लेन्स असल्याने हे व्हायचंच. कुठे होतं ते माहीत असलं की त्रास होत नाही.

वाळू आणि खारं वारं हा दुसरा विषय, आणि किनाऱ्यावर तो पहिल्या इतकाच मोठा. ह्या लेन्सच्या माउंटला रबरी पट्टी नाही, धूळ-पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही. फोकस होताना पुढची नळी आतबाहेर सरकते, आणि तिच्या सभोवतीच्या फटीत बारीक वाळू बसू शकते. हूड, म्हणजे लेन्सपुढे बसवायचं कडं, लावला तर नळी त्याच्या आड राहते, धक्काही हूडला लागतो. ईएस-६८ नावाचा हा हूड लेन्सबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. पन्नास जणांत चाळीस जण तो घेत नाहीत असं मला दिसतं, आणि माझ्या मते किनारी भागात तो लेन्सचाच भाग समजावा. खोलीवर आल्यावर आधी हवेच्या फुग्याने फुंकर, मग मऊ ब्रश, मग किंचित ओलसर कापड. मिठाचे कण तसेच चोळले तर काचेवर ओरखडे उठतात.

दुपारी किल्ल्यात गेले. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पाया घातला गेला आणि १६६७ पर्यंत सिंधुदुर्ग उभा राहिला. दोन बुरुजांच्या आड लपलेला तो दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा ५० मिमीमध्ये मावत नाही. मागे सरकावं तर पाठीशी पाणी. किल्ल्यात मी दगडांचे सांधे, तटावरचं गवत आणि साखरबाव ह्या विहिरीवर वाकून पाहणारी मुलं एवढंच काढलं.

किल्ला सबंध मिळाला तो संध्याकाळी किनाऱ्यावरून. कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या चौकटी घ्यायच्या आणि घरी जोडायच्या. इथे फिफ्टी महागड्या लेन्सांच्या पंक्तीला बसते. एफ/८ ला ती कोपऱ्यापर्यंत धारदार असते आणि सरळ रेषा जवळपास सरळच ठेवते. एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही मॅन्युअलवर कायम करावेत, आणि एफ/१.८ वर हे मुळीच करू नये. पूर्ण उघड्या अपर्चरला कोपरे काळवंडतात, आणि चौकटी जोडल्या की आकाशात उभे पट्टे दिसतात.

रविवार: पिंगुळी, आणि रात्री जत्रा

पिंगुळी कुडाळपासून जवळच. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या इथल्या. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यात उभं केलेलं त्यांचं संग्रहालय पाहावंच असं आहे. चामड्याची बाहुली पडद्यामागे दिव्यासमोर आली की तिच्यावरची बारीक भोकं उजळतात. उजेड अगदी थोडा, पण बाहुली सपाट, पडद्याला टेकलेली, त्यामुळे एफ/२ ला सगळी स्पष्ट येते. कोऱ्या पडद्यावर ऑटोफोकस मात्र चाचपडत राहतो. मॅन्युअलवर जावं तर ह्या लेन्सची रिंग नुसती विजेची खूण देते आणि मोटर भिंग हलवते. हाताला काही लागत नाही, आणि कॅमेरा बंद असेल तर रिंग फिरवून काहीच होत नाही. जुन्या लेन्सची सवय असलेल्यांना हे अजिबात आवडत नाही. मलाही नाही.

रात्री कुडाळजवळच्याच एका गावी जत्रा होती. ज्या रात्रीसाठी ही लेन्स आणली ती हीच. ओट्या भरून झाल्या होत्या, पालखी देवळाभोवती फिरून आली होती, बाहेर खाज्यांच्या ढिगांवर बल्ब लोंबत होते. दशावतार सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून नाटकमंडळीची परवानगी घेऊन मी देवळाच्या मागच्या पडवीत गेले.

रंगपट म्हणजे जमिनीवर पसरलेली चटई, उघडे पेटारे आणि एक बल्ब. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतात. स्त्रीपार्टी करणारे एक नट भिंतीला टेकून बसले होते, डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हाताच्या करंगळीवर काजळ. मी त्यांच्या खांद्यामागून आरशात पाहत होते. इथे एक गोष्ट कळून घ्यायची असते. आरसा माझ्यापासून ६० सेंटिमीटरवर असला आणि चेहरा आरशापासून ४० वर, तर आरशातला चेहरा लेन्सच्या लेखी एक मीटरवर असतो. एक मीटरवर एफ/२.२ ला स्पष्ट येणारी जाडी जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणून आरशाची पत्र्याची कड पूर्ण विरघळते, खांदा विरघळतो, आणि अंधारात फक्त एक डोळा उरतो ज्याच्या खालच्या पापणीवरून काजळाची करंगळी सरकते आहे. कॅमेरा सारखा आरशाच्या कडेवर फोकस धरू पाहतो. एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवला, श्वास धरला, आणि करंगळी थांबली त्या क्षणी बटण दाबलं. नटांनी वळून स्क्रीन पाहिला. "ताई, डोळे बरे इलेत हां," म्हणाले, आणि दुसरा डोळा रंगवायला घेतला.

अशी चौकट किट लेन्सवर येतच नाही, कारण एवढ्या अंधारात तिला उजेड पुरत नाही. एफ/५.६ आणि एफ/१.८ ह्यांत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट आहे.

मग पेटी वाजली, पखवाजावर थाप पडली, झांज सुरू झाली. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी आणि सगळ्या पोरांना हवाहवासा संकासूर. मग आख्यान. रंगमंच म्हणजे देवळाचा सभामंडप, सिंहासन म्हणजे एक बाकडं. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. पहाटे दहीकाल्यापर्यंत हे चालतं, आणि दोन राजांची जुगलबंदी रंगली की थंडीत गोधडी पांघरून बसलेली माणसं ताठ होऊन बसतात.

मी पहिल्या रांगेच्या कडेला खाली बसले. एफ/२, शटर १/२५०, आयएसओ १६००. तोच उजेड किट लेन्सवर धरायचा तर आयएसओ १२८०० लागला असता, आणि त्यावर चेहऱ्याचा रंग दाणेदार होऊन जातो. लेन्सला स्थिरीकरण नाही ह्याची इथे मला जरासुद्धा उणीव वाटली नाही. स्थिरीकरण आपला हात सावरतं, गिरकी घेणाऱ्या नटाला थांबवू शकत नाही. त्याला फक्त शटर थांबवतं, आणि शटरला उजेड लागतो. साडेचार मीटरवर एफ/२ ला साधारण ६० सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणजे शेजारी उभे दोन राजे एकाच फोटोत नीट येतात. एफ/१.८ आणि एफ/२ मध्ये उजेडाचा फरक किरकोळ आहे, पण पूर्ण उघड्या अपर्चरवरचा तो दुधाळपणा एक खटका मिटवला तरी कमी होतो. मुकुटावरच्या खड्यांना जांभळी कड आली. ती मी राहू दिली.

गावच्या जत्रेत हल्ली एलईडी पट्ट्या लावतात. त्या वीजपुरवठ्याबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/२५० ला एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला येऊ शकतो. संवादाच्या संथ जागी मी १/१०० वर उतरत होते, युद्धाच्या जागी पुन्हा वर. लाल-जांभळ्या दिव्यात फोकस मधेच हरवतो, तेव्हा चेहऱ्याऐवजी मुकुटाच्या कडेवर धरावा. आणि व्हिडिओ घेणार असाल तर हे ध्यानात असू द्या की एसटीएम मोटर जुन्या आवृत्तीपेक्षा शांत आहे, पण निःशब्द नाही. पखवाज चालू असताना काही कळत नाही. एकट्या राणीचा विलाप सुरू असला की कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मोटरची कुरकुर येते.

सोमवार: सावंतवाडी

रात्रभर जागरण, त्यामुळे दिवस दुपारी सुरू झाला. मोती तलावाला फेरी, मग चितारआळीत लाकडी फळांची दुकानं. ही फळं एफ/२.२ ला सुंदर दिसतात हे खरं, पण पाठीमागे रंगीत वस्तूंची गर्दी असली की ह्या लेन्सची पार्श्वभूमी मऊ होत नाही, खळबळते. माडांच्या झावळ्यांबाबत हेच शनिवारी पाहिलं होतं. झावळीचं प्रत्येक पातं दुहेरी होऊन डोळ्यांत येतं. पाठीमागे सपाट भिंत, दूरचं पाणी किंवा अंधार असावा.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहिली. दशावतारी गंजिफेची गोल पानं १२०, विष्णूच्या दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी १२ पानांचे. ३५ सेंटिमीटरवरून ही लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचं क्षेत्र भरते, म्हणजे एक पान भोवतालच्या थोड्या जागेसह बसतं. विकायला ठेवलेलं मत्स्याचं एक पान परवानगीने खिडकीशी नेऊन काढलं. एवढ्या जवळून एफ/१.८ ला दोन मिलिमीटरसुद्धा जाडी स्पष्ट येत नाही, पान किंचित तिरकं झालं तरी अर्धं पुसट. एफ/५.६ ला लाखेची चमक आणि ब्रशच्या केसाएवढ्या रेषा दोन्ही आल्या. मत्स्याच्या खवल्यांतली एक रेघ कारागिराने पुन्हा गिरवलेली होती, तीसुद्धा.

मंगळवार: शिरोडा, वेंगुर्ला

शिरोड्याची मिठागरं १९३० च्या सत्याग्रहाने देशाला माहीत झाली. मी गेले ते त्या ओढीने, पण भर दुपारी. पांढरं मीठ, चकचकीत पाणी, वर निरभ्र आकाश. अशा उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ साठी शटर १/८००० च्या घरात लागतं, आणि माझ्यासारख्या प्राथमिक कॅमेऱ्याचं शटर १/४००० ला संपतं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर एफ/२.८ ला या. दुपारी कोकणात एफ/१.८ ह्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. तो आकडा माजघरातला, गाभाऱ्याबाहेरचा, पडवीतला आहे. लोक कोकण म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढे आणतात, आणि समुद्रासाठी लेन्स घेतात. माझ्या मते फिफ्टी समुद्राकडे पाठ करून उभं राहिल्यावर जे दिसतं त्याची लेन्स आहे.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर सूर्य उतरायला लागला तेव्हा तिचा आणखी एक दोष दिसला. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला असला की कॉन्ट्रास्ट खाली येतो आणि समोरच्या कोपऱ्यात हिरवट ठिपके उमटतात. पुढे ४९ मिमीचा संरक्षक फिल्टर असेल तर जास्तच. फिल्टर काढला, हूड ठेवला, सूर्याला होडीच्या डोलकाठीआड नेलं आणि एफ/११ लावलं. ७ पात्यांमुळे काठीच्या कडेतून सूर्याचे १४ किरण फुटले.

एक कॉलेजातला मुलगा शेजारी तसाच कॅमेरा, त्यावर किट लेन्स, घेऊन उभा होता. त्याची आजी बंदरावर मासे विकते. मी फिफ्टी त्याच्या कॅमेऱ्यावर लावून दिली. तो सरळ आजीकडे गेला, सवयीने झूमची रिंग फिरवायला गेला, मग थांबून दोन पावलं पुढे सरकला. घरच्यांना एवढे पैसे सांगणं अवघड आहे, वापरलेली घेतली तर चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल, म्हटलं, आणि वापरलेली बघताना काय बघायचं ते त्याच्या वहीत लिहून दिलं. कॅमेऱ्यावर लावून मॅन्युअलला रिंग पूर्ण फिरव, पुढची नळी कुठे अडखळता कामा नये. नळी तिरकी वाटली तर लेन्स पडलेली आहे, घेऊ नको. मागून मोबाइलचा टॉर्च धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघ, कोकणातल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. घेतलीस की झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर नक्की, आणि जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे कर. किट लेन्स विकू नको, घरं आणि देवळं तिच्यानेच येतील. हूड त्याच दिवशी घे.

सावंतवाडी रोडवरून संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस मी सोडून दिली होती, त्यामुळे परतीला रात्रीची बस मिळाली. आजीचे फोटो त्याने कार्डावरून उतरवून घेतलेच होते.